मेस्तांचा डावा हात

केरीला मला खोली मिळाली ती माझ्या डाव्या हातामुळे. नेमणुकीचा कागद मी पिशवीतून काढत होते, पण घरमालकांना त्यात काही रस दिसला नाही. त्यांनी किल्ली पुढे केली आणि म्हणाले, "उगड." मी कुलूप उघडलं, सवयीप्रमाणे डाव्या हाताने. ते माझ्या हाताकडे बघत राहिले, मग तोंडभर हसले, आणि ज्या घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं त्या घराकडे तोंड करून ओरडले, "डावरें आसा रे! डावरें मेळ्ळें!"

आपण वेड्याच्या दारात उभ्या आहोत असं मला वाटलं. पण शेवटची बस निघून गेली होती, आणि केरीच्या पुढे नदी, नदीपलीकडे तेरेखोल आणि बाकी सगळा समुद्र. जाणार कुठे? मी पिशवी आत ठेवली.

गोवा मुक्त झाल्यावर गावोगावी सरकारी मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एकीवर माझी नेमणूक झाली होती. मी डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेची. आमच्याकडे भाताची शेती, डोंगराला काजू, आणि बाबा देवळात भजनाला पेटी वाजवणारे. पेडणे तालुक्याचं हे टोक मी नकाशातसुद्धा नीट बघितलं नव्हतं. पहिल्या रात्री वाऱ्याने कौलं वाजत होती आणि भिंतीपलीकडे घरमालक स्वतःशीच काहीतरी मोजत फिरत होते. मी दाराला आतून खुर्ची लावून झोपले.

गाव त्यांना मेस्त म्हणायचं. चर्चमध्ये पोरांना संगीत शिकवणाऱ्याला आमच्याकडे मेस्त म्हणतात, पण यांनी कुठल्याही चर्चमध्ये कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ते तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेले. बोटीच्या जेवणघरात साहेबलोक जेवत असताना पियानो वाजवायचा, ही त्यांची उभ्या जन्माची नोकरी. पियानो वाजवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं हे केरीत कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मेस्त.

त्यांचा पियानो बोटीने पणजीला आला, तिथून होडी, मग बैलगाडी असा प्रवास करत केरीला पोचला होता. गाडीवर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं एवढं मोठं काहीतरी येतंय म्हटल्यावर गाव रस्त्यावर आलं. कुणाला वाटलं कपाट, कुणाला वाटलं मयत. एका म्हातारीने मात्र, देवाचं काहीतरी असेल, आपण चुकायला नको, असा विचार करून त्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. मेस्तांना ते इतकं आवडलं की तेव्हापासून पियानोवर रोज ताजी जास्वंद असायची. स्वतः माणूस ख्रिस्तांव, दर रविवारी होडीतून तेरेखोलला मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाणारा, पण जास्वंद चुकली नाही. पियानोचे पाय पाण्याच्या डब्यांत उभे केलेले, आपण मुंग्यांसाठी जेवणाच्या कपाटाचे करतो तसे. आत वाळवीसाठी कापूर आणि सुक्या मिरच्या. झाकण उघडलं की आधी एक शिंक यायची आणि मग सूर.

एवढं सगळं करूनही त्या पियानोवर मेस्त फक्त उजव्या हाताने वाजवायचे. बोटीच्या लोखंडी दारात त्यांचा डावा हात सापडला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं ताठ झालं होतं. ते हात पुढे करून सांगायचे, "हीं दोगां मेलीं. मेल्यांक कोण उठयता?" आणि पियानोवर डाव्या हाताचं सगळं ओझं ह्याच दोन बोटांवर असतं. त्यांना जे वाजवायचं होतं त्यात तर जास्तच.

ते काय, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. शाळेतून आले तर मेस्त दारात उभे. अंगात बोटीवरचा पांढरा कोट, सोनेरी बटणांचा, त्यातलं एक बटण हरवलेलं, त्या जागी करवंटीचं. खाली अर्धी चड्डी. पियानोचं झाकण उघडायचं असलं की हा कोट घालायचाच, हा त्यांचा नियम. मला म्हणाले, "टीचर, म्हाका एक डावो हात जाय."

डावा हात हवा? मी घाबरून दोन पावलं मागे सरले.

मग त्यांनी नीट समजावलं. बुगी नावाचं एक वाजवणं असतं. त्यात डावा हात एकच चाल धरून चालत राहतो आणि उजवा त्याच्यावर वाटेल ते बोलतो, रडतो, चिडवतो. अपघात झाल्यापासून त्यांचा उजवा हात एकटा बोलत होता, खाली चालणारं कुणी नव्हतं. गावात त्यांनी दोघातिघांना शिकवायचा प्रयत्न केला होता. सगळे उजवे, सगळ्यांचे डावे हात "खांदार बांदिल्ल्या पोत्यासारके." आता देवाने स्वतःहून डावखुरी भाडेकरीण पाठवली होती. त्यांना मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, पुरं बुगी ऐकायचं होतं. डावा हात माझा, उजवा त्यांचा.

माझ्या डाव्या हाताचं कुणी कौतुक करतंय हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. लहानपणी आई त्याच्यावर फडकं बांधायची. देवळात एकदा प्रसादाला मी तो हात पुढे केला तर भटजींनी सगळ्यांसमोर पळी माझ्या मनगटावर मारली. घरी येऊन मी रडले. बाबांनी पेटी ओढली, मला मांडीशी बसवलं, माझा डावा हात मागच्या भात्यावर ठेवला आणि म्हणाले, "हाका हांगा काम दी. हांगा कोण कांय म्हणचो ना." पेटी वाजवताना उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर, जगभर हेच. माझा हात असा एका मानाच्या कामाला लागला. मी पेटी शिकले ती अशी, लपण्यासाठी.

म्हणून मी मेस्तांना हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही एकदा त्या हाताला उजेडात आणायचं होतं.

पहिल्या दिवशी मोठीच फजिती झाली. मी स्टुलावर बसले, पट्ट्यांकडे बघितलं, आणि माझा डावा हात आपोआप उठून पियानोच्या बाजूला भाता शोधायला लागला. मिळाला नाही तरी हवेतच पुढे-मागे, पुढे-मागे. मेस्त आधी बघत राहिले, मग इतके हसले की खोकला लागला. "वारो कोणाक घालतंय गो? ह्या साहेबाक वारो नाका!" पुढचे दोन महिने त्यांचं एकच काम, माझ्या हातातला भाता काढायचा. मनगट जरा पुढे-मागे हललं की लाकडी पट्टीने टक् करायचे आणि म्हणायचे, "भातो मेलो. म्हण, भातो मेलो." मी, सरकारी शाळेची शिक्षिका, पोरीसारखी म्हणायची, भातो मेलो.

आणि उजवा हात? तो मांडीवर. ही त्यांना त्यांच्या गुरूची शिकवण. युद्धाच्या काळात त्यांची बोट कलकत्त्याला अडकून पडली होती. तिथल्या एका क्लबात दुपारी कुणी नसायचं तेव्हा एक काळा अमेरिकन शिपाई, लष्करात आचारी, पियानो वाजवत बसायचा. मेस्तांना त्याचं इंग्रजी कळत नव्हतं, त्याला यांची कोंकणी. त्याने मेस्तांचा उजवा हात धरून चक्क त्यांच्या खिशात कोंबला आणि डाव्यावर बोट ठेवलं. भाषेविना शिकवणी झाली. "उजवो हात बोल्सांत," मेस्त सांगायचे, "पूण तुज्या लुगड्याक बोल्स ना, मांडयेर दवर."

मला चाल पाठ करायला सोपं जावं म्हणून मी ती सरगमीत बसवून घेतली. सा ग प ध, मग कोमल नी, आणि त्याच वाटेने परत. ही चाल षड्जावरून, मग तशीच मध्यमावरून, मग पंचमावरून. कुठे किती वेळ राहायचं हे मेस्तांनी असं शिकवलं: "चार फावटीं घर. दोन फावटीं शेजार. परत दोन फावटीं घर. एक फावट बाजार, येतना शेजाऱ्याक हांक मार, आनी दोन फावटीं घर." फावट म्हणजे वेळ; घर म्हणजे षड्ज, शेजार मध्यम, बाजार पंचम. असा बारा घरांचा हा फेरा. मी पोरांना पाढे म्हणायला लावते तसे ते मला म्हणायला लावायचे. गावात बातमी पसरली की मेस्ताकडे राहणारी मास्तरीण संध्याकाळी "घर, घर, शेजार" असं ओरडत असते. दुसऱ्या दिवशी शाळेत एक पोरगी मला हळूच विचारून गेली, "बाई, तुमका घरची याद येता?"

पियानोची खालच्या सप्तकातली एक काळी पट्टी मुकी होती. खाऱ्या वाऱ्याने तार गंजून तुटली होती आणि दुसरी मिळत नव्हती. नेमका तोच घरातल्या चालीचा कोमल निषाद. शेजारी गेलं, बाजारात गेलं, तरी ती पट्टी लागत नसे, घरी आलं की दर वेळी लागायची. मी ती दाबायची, आवाज शून्य, आणि मेस्त तोंडाने तो सूर भरायचे: "दुम्." अगदी ठरल्या क्षणी, खर्जात, गंभीर चेहऱ्याने. मी पहिल्यांदा हसले तर म्हणाले, "घरांत एक मुको माणूस आसतलोच. ताचें आमी उलोवपाचें." म्हणजे त्याचं बोलणं आपण बोलायचं.

उजव्या हाताने ते काय वाजवतात हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. एकदा मी त्यांना सावकाश वाजवायला लावून सूर लिहून घेतले. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, लगेच तीव्र मध्यम, पंचम, कोमल निषाद. ऋषभ नाही, धैवत नाही. मी शिक्षिकेच्या थाटात म्हटलं, "मेस्त, चूक होतेय. माझ्या डाव्या हातात शुद्ध गंधार आहे आणि तुमच्या उजव्यात कोमल. दोन्ही एकदम वाजतात. कानाला टोचतं." बाबांनी ऐकलं असतं तर त्यांनी कान धरून उठवलं असतं. मेस्त खूश होऊन म्हणाले, "टोंचता न्हय? टोंचूंक जाय. दोगूय भांडटात. भांडूं दी. ताकाच ब्लूज म्हणटात." मला ते पटलं नाही. पण रात्री पडल्या पडल्या तो टोचणारा सूरच आठवत राहायचा, दुसरं काही नाही.

हळूहळू माझा डावा हात ही त्यांची मालमत्ता झाली. मला आडोळीवर नारळ किसायला बंदी, कोयता धरायला बंदी. विहिरीचा दोर ओढून मनगट कडक होतं म्हणून रोज सकाळी माझी घागर ते स्वतः भरायचे, एका हाताने, दाताखाली दोर धरून. पोदेराने पाव आणला की माझ्या वाटणीचा उंडोसुद्धा तेच मोडून द्यायचे. "तो हात म्हजो," असं भर रस्त्यात सांगायचे. शेजारच्या काकींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, म्हातारो बरो मगो?" मी म्हटलं, हातापुरता वेडा आहे, बाकी देवमाणूस. आणि ते खरंच होतं. त्या घरात मी जितकी निर्धास्त झोपले तितकी पुढे फार कमी ठिकाणी झोपले.

पण एक गोष्ट काही केल्या जमत नव्हती. फेरा संपला की मी थांबायची.

बारावं घर आलं की माझा हात षड्जावर जोराने पडायचा, मान हलायची, आणि अर्धा श्वास सगळं स्तब्ध. भजनात हेच करायचं असतं. कडवं संपलं की पेटीवाला सुरावर ठेहराव घेतो, टाळकरी तिथून धृपद उचलतात, मग पुढचं कडवं. लहानपणापासून हाडात भिनलेलं ते. बुगीत कुणी टाळकरी नसतात. तिथे बाराव्या घरातून पाय न थांबवता पुन्हा पहिल्या घरात जायचं असतं, आणि मेस्तांच्या म्हणण्याप्रमाणे पहिला फेरा नुसती चाचपणी, गाणं दुसऱ्या फेऱ्यात सुरू होतं. मी थांबले की त्यांचा उजवा हात वरून भोकात पडल्यासारखा पडायचा. ते झाकणावर थाप मारायचे. "थांबतंय कित्याक? कोण येतलो आसा?" मी म्हणायची, कुणी नाही. पुन्हा सुरुवात. पुन्हा बारावं घर, पुन्हा तोच ठेहराव. एवढ्या महिन्यांत आम्ही दुसऱ्या फेऱ्याचं तोंड पाहिलं नाही.

अशात माझी बदली आली. मीच अर्ज केला होता, आईचे गुडघे धरले होते आणि घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीनंतर डिचोलीकडच्या शाळेत हजर व्हायचं. कागद मेस्तांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, परत दिला आणि कोट अंगातून काढून खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी घागर रिकामी होती. मी स्वतः पाणी ओढलं. दुपारी ते दारात येऊन म्हणाले, "केन्ना?"

"आयतवारा. बाबा व्हरूंक येतले."

"मागीर आज धरून रोज दोन फावटीं," ते म्हणाले आणि कोट घालायला गेले.

तो आठवडा सकाळ-संध्याकाळ वाजवण्यात गेला. जितकं जास्त वाजवलं तितकं बिघडत गेलं. मेस्तांनी ओरडणं बंद केलं, ते जास्त वाईट होतं. शनिवारी मी थांबले तेव्हा ते फक्त म्हणाले, "जावं दी. एक फेरो तरी मेळ्ळो." मला रडू आलं. या माणसाने माझ्या हाताला मान दिला आणि त्याने मागितलेली एकच गोष्ट माझ्याकडून होत नव्हती.

रविवारी बाबा सकाळच्या बसने आले. बरोबर काजूची पिशवी आणि घरच्या भट्टीच्या हुराकाची, म्हणजे काजूच्या ताज्या दारूची, बाटली, घरमालकांसाठी. मेस्त मिसाला गेले नव्हते. पांढरा कोट घालून, बटणं लावून पियानोपाशी उभे होते. त्यांनी बाटली घेतली, कपाळाला लावली आणि खिडकीत ठेवली. "वाजयल्या उपरांत," म्हणाले. बस गाव फिरून अर्ध्या तासात परत निघणार होती. बाबांना काय चाललंय कळेना. मी म्हटलं, "बाबा, मातशे बसात. एकदाच वाजयतां." ते पिशवी मांडीवर घेऊन भिंतीच्या खुर्चीत टेकले.

आम्ही सुरू केलं. मी खाली, मेस्त माझ्या उजव्या अंगाला, त्यांचा मेलेला हात कोटाच्या खिशात. घर, घर. "दुम्." बाबांच्या कपाळाला आठी पडलेली मला पियानोमागच्या भिंतीवरच्या आरशात दिसली. शेजारी गेलो तशी त्यांना गप्प राहवलं नाही. "बाय, गंधार दोन वाजतात."

"भांडूं दी, सायबा," मेस्त न थांबता म्हणाले.

"आनी सम खंय हाची?"

"सम बोटीर चडून गेली!"

बाबा गप्प झाले. गप्प झाले म्हणजे ऐकायला लागले, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. बाजार झाला. शेजाऱ्याला हाक मारली. अकरावं घर आलं. आता हात पडणार, मान हलणार, सगळं थांबणार. मी घाबरून आरशात बघितलं.

बाबांचा डावा हात काजूच्या पिशवीवर होता, आणि तो हलत होता. पुढे-मागे, पुढे-मागे. ते भाता मारत होते. स्वतःच्याही नकळत, डोळे मिटून, आयुष्यभराच्या सवयीने. त्याच क्षणी मला दिसलं की कडवं संपल्यावर पेटीवाल्याचा उजवा हात थांबतो, डावा कधीच थांबत नाही. तो थांबला तर सूर मरतो. टाळकरी धृपद उचलेपर्यंत सगळं गाणं त्या एका हातावर तगून असतं. माझ्या डाव्या हाताला थांबायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. मीच त्याला उजव्या हाताचे नियम लावत बसले होते.

मी मनगट सैल सोडलं. इतके महिने मारून मारून मेलेला भाता हातात परत आला, आणि हात बाराव्या घरातून सरळ पहिल्या घरात चालत गेला.

मेस्तांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी थांबले असते. त्यांचा उजवा हात जरा वेळ हवेत तसाच राहिला, विश्वास बसत नसल्यासारखा, आणि मग पट्ट्यांवर उतरला. त्या दिवसापर्यंत मी त्यांचं वाजवणं ऐकलं नव्हतं, असंच म्हणायला हवं. तो हात हसला, कुणाला तरी शिव्या दिल्या, मग एका सुरावर येऊन इतका वेळ विनवण्या करत राहिला की माझे डोळे भरून आले. माझा हात मात्र खाली चालत होता. घर, शेजार, बाजार, घर. दुसरा फेरा, तिसरा, मग मोजणं सुटलं. मुक्या पट्टीवर मेस्त दर वेळी "दुम्" म्हणत होते. बाहेर बसने हॉर्न दिला. पुन्हा दिला. बाबा उठले नाहीत. बस निघून गेल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही बाजारात होतो.

थांबले ते मेस्तच. त्यांनी हात उचलला, खिशातला दुसरा बाहेर काढला, आणि चांगल्या हाताने त्याची ताठ बोटं चोळत बसले. मग ते बाबांकडे वळले. बाबांचा हात अजून पिशवीवर होता. मेस्तांनी तो पाहिला, आणि मला वाटतं त्यांना सगळं कळलं. उठून त्यांनी बाबांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला.

"चूक म्हजी," ते म्हणाले. "हांव भातो काडूंक लायतालों. भातोच जाय आशिल्लो."

बाबांच्या डाव्या हाताला आजवर कुणी असं धरलं नव्हतं. ते म्हणाले, "पियानो बरो आसा तुमचो. फक्त एक पट्टी वाजना."

मग हुराक उघडली गेली. आम्ही दुपारच्या बसने निघालो. मेस्त कोट घालूनच थांब्यापर्यंत आले, माझी पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही. बस सुटताना खिडकीतून मी उजवा हात हलवला. त्यांनी मानेने नाही म्हटलं. मी डावा हलवला.

पुढचा पावसाळा ते पुरा करू शकले नाहीत. केरीच्या शाळेतल्या एका बाईंनी डिचोलीच्या बाजारात मला सांगितलं, मेस्त गेले, शांतपणे, झोपेत. पियानोचं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, डब्यांत पाणी घालणारं कुणी राहिलं नाही.

मी घरी आले. कुणाशी बोलावंसं वाटेना. ओसरीवर बाबांची पेटी होती, ती पुढे ओढली आणि बसून राहिले. डावा हात भात्याकडे गेला तसा मी तो परत आणला आणि पट्ट्यांवर ठेवला. उजवा मांडीवर. पण भात्याशिवाय पेटी वाजणार कशी? उजव्या हाताने भाता मारता आला असता, पण तो हात मांडीवर ठेवायचा असतो, आणि वरच्या अंगाची, मेस्तांच्या उजव्या हाताची, जागा रिकामी ठेवायची असते. दोन्ही गोष्टी मला मोडायच्या नव्हत्या. मी नुसती पट्ट्यांवर बोटं टेकवून रडत होते.

बाबा आतून आले. पेटीच्या पलीकडे, माझ्यासमोर मांडी घालून बसले, डाव्या हाताने भाता उघडला आणि म्हणाले, "वाजय."

मी चालू लागले. घर, घर. काळी पट्टी आली तिथे मी बोट उचललं. बाबांच्या पेटीत तो सूर चांगला वाजतो, पण मला तो वाजवायचा नव्हता. क्षणभर ओसरीवर काहीच वाजलं नाही. भाता मात्र चालू होता, आणि माझ्याकडे न बघता बाबा खर्जात म्हणाले, "दुम्."